बुलढाण्याची नोंद कोणी ठेवायची?

बुलढाणा जिल्ह्याविषयी काही हवं असलं की आजचा शाळकरी मुलगा आधी फोन काढतो आणि बहुतेक वेळा विकिपीडियाच्या पानावर पोहोचतो. हा खुला ज्ञानकोश मराठीत १ मे २००३ पासून आहे. त्यात कुणीही लिहू शकतो, कुणीही दुसऱ्याचं लिहिलेलं दुरुस्त करू शकतो. जिल्ह्यातली मोठी माणसं कोण, पाहण्याजोगी ठिकाणं कोणती, हे एके काळी गॅझेटियर लिहिणारा इंग्रज अधिकारी ठरवत असे. १८७० मध्ये लायल यांनी वऱ्हाडाचं गॅझेटियर काढलं, १९१० मध्ये नेल्सन यांनी बुलढाण्याचं. आता ते काम आपल्याच पोरापोरींच्या हाती आलं आहे. हे चांगलं की वाईट यावर जुन्या आणि नव्या पिढीचं पटत नाही. ती दोन मतं समोरासमोर बसावीत म्हणून हा संवाद रचला आहे. मामा चिखलीचे, इतिहास शिकवून निवृत्त झालेले. भाची बुलढाण्यात ग्रंथपाल, आणि विकिपीडियावर नेमाने लिहिणारी. ही दोघं कल्पित आहेत. ज्या नावांवरून ती भांडतात, ती सगळी खरी आहेत.

मामा : जिल्ह्याबद्दल तू काय काय लिहिलंस ते वाचलं. सिंदखेडराजा, लोणार, शेगाव. हे तर एसटी स्टँडवर उभा राहिलेला परगावचा माणूसही सांगेल. त्यासाठी ज्ञानकोश कशाला?

भाची : सुरुवात तिथूनच करावी लागते, मामा. पण सांगतो म्हणणारा माणूस नेमकं किती सांगतो? १२ जानेवारीला अख्खा महाराष्ट्र सिंदखेडराजाला लोटतो. १५९८ साली जिजाऊंचा जन्म तिथे झाला, एवढं सगळ्यांना ठाऊक असतं. त्यांतल्या कितीजणांना जिजाऊंच्या वडिलांचा, लखुजीरावांचा शेवट माहीत आहे? २५ जुलै १६२९ ला देवगिरीच्या किल्ल्यावर, निजामशहाच्या दरबारात, ते, त्यांची मुलं अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव, एकाच दिवशी कापले गेले. शिवाजी महाराजांचा जन्म व्हायला तेव्हा काही महिनेच राहिले होते. माहेरचं घर असं उद्ध्वस्त झालेली बाई पुढे स्वराज्याची आई झाली. लोक वाडा बघतात, फोटो काढतात आणि परततात. लखुजीरावांची एवढी मोठी समाधी त्याच गावात आहे, तिथे पाय वळत नाहीत. मी समाधीची, मोती तलावाची, पुतळा बारवेची माहिती वाढवायला घेतली ती म्हणून.

मामा : हेतू चांगला आहे. माझा आक्षेप निराळा. तू हे लिहिलंस, पण पानावर तुझं नाव कुठे आहे? वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोश उभा केला. त्यातली नोंद वाचून झाली की खाली लेखकाचं आडनाव दिसतं. चूक असली तर कुणाला विचारायचं ते कळतं. केतकरांनी शंभर वर्षांपूर्वी ज्ञानकोश काढला, तर दारोदार हिंडून वर्गणीदार मिळवले आणि त्यातल्या शब्दाशब्दाची जबाबदारी स्वतःच्या डोक्यावर घेतली. तुमच्याकडे जबाबदार कोण? कुणी येतो, दोन ओळी घालतो, जातो. उद्या कुणी आपल्या जातीचा अभिमान म्हणून जिजाऊंच्या पानावर काहीबाही लिहिलं तर?

भाची : लिहितात. मी पाहिलं आहे, पुसलंही आहे. पण प्रत्येक पानाला एक 'इतिहास' असतो. कुणी, कोणत्या दिवशी, किती वाजता, कोणता शब्द बदलला, हे तिथे कायम राहतं. शेजारी 'चर्चा' असते, तिथे वाद उघड्यावर होतो. छापील कोशाच्या संपादकांनी कोणती नोंद का गाळली, हे वाचकाला कधी कळलं का?

मामा : गाळण्याचं कारण असतं. सगळंच घ्यायचं म्हटलं तर कोश कशाला, गावचावडी पुरे.

इथे दोघांच्या भांडणाचं मूळ आहे, म्हणून मला थोडं थांबावंसं वाटतं. अशा कोशांत 'उल्लेखनीयता' नावाची एक कसोटी असते. एखाद्या माणसावर वा जागेवर इतरांनी, स्वतंत्रपणे, भरवशाच्या ठिकाणी काही लिहून छापलेलं असलं पाहिजे, तरच तिची नोंद टिकते. स्वतःचं संशोधन तिथे चालत नाही. कसोटी वाजवी आहे. पण ज्या जिल्ह्यावर मुळातच कमी लिहिलं गेलं, त्याच्या वाट्याला या कसोटीने काय येतं, ते बुलढाण्याच्याच एका बाईच्या उदाहरणावरून दिसतं.

मामा : ताराबाई शिंदे घे. १८५० ची, बुलढाण्याची. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत कारकून, सत्यशोधक विचारांचे. मुलींची शाळा नव्हती, तर घरी मराठी, संस्कृत, इंग्रजी शिकवलं. १८८१ मध्ये सुरतेकडे विजयालक्ष्मी नावाच्या ब्राह्मण विधवेला, स्वतःचं मूल मारल्याबद्दल फाशीची शिक्षा झाली. वर्तमानपत्रांतून बायकांच्या नीतीवर तोंडसुख सुरू झालं. त्याला उत्तर म्हणून या बाईने 'स्त्रीपुरुष तुलना' लिहिलं. १८८२, पुण्याचा श्री शिवाजी छापखाना, पाचशे प्रती, किंमत नऊ आणे. ज्या दोषांसाठी बाईला बोल लावता ते पुरुषांत किती आहेत ते मोजा, असं तिने भर समाजाला विचारलं. जोतीराव फुल्यांनी १८८५ मध्ये 'सत्सार'च्या अंकात तिची बाजू घेतली. आणि त्यानंतर?

भाची : त्यानंतर शांतता.

मामा : १९७५ पर्यंत. स. गं. मालशे यांनी ते पुस्तक पुन्हा उजेडात आणलं. एक संशोधक, एक ग्रंथालय, एक जीर्ण प्रत. आता मला सांग, १९७० साली तुझा खुला कोश असता आणि तू ताराबाईंचं पान उघडलं असतंस, तर तुझ्याच मंडळींनी काय केलं असतं? 'संदर्भ हवा' अशी पाटी लावली असती, आणि महिन्याभरात पान उडवलं असतं. गर्दीने ताराबाई सापडत नाहीत, पोरी. एका माणसाने वर्षानुवर्षं धूळ खाल्ली की सापडतात.

भाची : हे मी मान्य करते. मनापासून करते. पण उरलेलं अर्धं तुम्ही सांगत नाही. त्र्याण्णव वर्षं ते पुस्तक पडून होतं, तेव्हा खुला कोश नव्हता. तज्ज्ञच होते, विद्यापीठं होती, साहित्य संमेलनं भरत होती, स्त्रीशिक्षणावर भाषणं होत होती. कुणाला पुन्हा छापावंसं वाटलं नाही. निवड करणाऱ्यांच्या डोळ्यांना ती दिसलीच नाही. बाई, तीही वऱ्हाडातली, दुसरं पुस्तक नाही, मागे कुणी शिष्य नाही. मालशांची आवृत्ती आली तेव्हा कुठे दार उघडलं. १९९४ मध्ये रोझलिंड ओहॅनलन यांनी इंग्रजी भाषांतर केलं, जगभरच्या विद्यापीठांत ती शिकवली जाऊ लागली. आणि बुलढाण्याच्या मुलीला ती कुठे भेटते? विद्यापीठातल्या महागड्या पुस्तकात नाही. फोनवर, फुकट, स्वतःच्या भाषेत भेटते. आमच्या वाचनालयात येणाऱ्या नववीच्या मुली विचारतात, 'मॅडम, ह्या खरंच आपल्या इथल्या?' तो प्रश्न मालशांच्या प्रस्तावनेने एकटीने उभा केला नसता.

मामा : शोध त्यांचा, वाटप तुमचं. असं म्हणतेस?

भाची : हो. आणि वाटपाला कमी लेखू नका.

मला भाचीचं हे म्हणणं पटतं. तरी मामांनी ठेवलेलं बोट त्या जागेवरून हलत नाही. ताराबाईंच्या चरित्राची नोंद आज आहे त्यापेक्षा मोठी व्हायची, तर कुणीतरी जुन्या कागदांत शिरायला हवं, आणि या जिल्ह्याचे कागद एका दारी मिळत नाहीत. वऱ्हाड १८५३ पर्यंत निजामाकडे, पुढची पन्नास वर्षं हैदराबादच्या रेसिडेंटच्या देखरेखीखाली, १९०३ पासून मध्य प्रांताला जोडलेलं, आणि १९५६ मध्ये द्विभाषिक मुंबई राज्यात. डेप्युटी कमिशनरच्या कचेरीतल्या एका कारकुनाचा माग काढायचा तर हैदराबाद, नागपूर, मुंबई असा फेरा पडतो. खुल्या कोशात लिहिणारे असा फेरा मारत नाहीत. त्यांच्या नियमात ते बसतही नाही.

लोणारवर मात्र भाचीची बाजू वरचढ ठरली.

भाची : तुम्ही वर्गात लोणारच्या विवराचं वय काय शिकवत होता?

मामा : पन्नास हजार वर्षं. पुस्तकात तेच होतं.

भाची : बावन्न हजार, असं एका पद्धतीने निघालं होतं. पुढे तिथल्या खडकातल्या आर्गॉनवरून मोजलं, तेव्हा पाच लाख सत्तर हजारांच्या आसपास आलं. दहापट फरक आहे, मामा! आणि विवराचा शोध तर त्याहून रंगतदार. १८२३ मध्ये अलेक्झांडर नावाच्या इंग्रज अधिकाऱ्याने त्याची नोंद केली, म्हणून त्याने 'शोधलं' असं लिहितात. आइन-ए-अकबरीत लोणार आहे. दैत्यसूदनाचं देऊळ त्याच्याही कितीतरी आधीचं. लवणासुराची गोष्ट गावातलं शेंबडं पोर सांगतं. आधी ज्वालामुखीचं तोंड म्हणत. १९७३ मध्ये काचेसारखे झालेले खनिजांचे कण तपासून पक्कं झालं की ही उल्केची धडक, आणि तीही बेसॉल्टच्या खडकात, जी पृथ्वीवर फारच दुर्मीळ. जून २०२० मध्ये पाणी गुलाबी झालं. कारण खारट पाण्यात वाढणारे सूक्ष्मजीव, हे पुण्याच्या आघारकर संस्थेने तपासून सांगितलं. त्याच वर्षी नोव्हेंबरात सरोवर रामसर यादीत गेलं. आता सांगा, छापील कोशाचा खंड यातलं किती धरून ठेवील? आमच्याकडे दोन्ही वयं शेजारीशेजारी ठेवता येतात, कोणतं कशावरून काढलं ते सांगता येतं, आणि उद्या तिसरं आलं तर त्या दिवशीच घालता येतं.

मामा : इथे मी हरलो असं धर. निसर्गाच्या बाबतीत नवं मोजमाप येतं, तुमचं पान बदलतं, उत्तम. माणसांच्या बाबतीत तसं होत नाही. तिथे नवं मोजमाप येत नाही, नवा अभिमान येतो. बरं ते असो. संत चोखोबांच्या पानावर तू 'परंपरेनुसार' हा शब्द का घातलास?

भाची : कारण तसंच आहे. देऊळगावराजा तालुक्यातलं मेहुणाराजा हे जन्मगाव, असं परंपरा सांगते. मंगळवेढ्याचे लोक आपलं म्हणतात. चोखोबा मंगळवेढ्याला राहिले, १३३८ मध्ये तिथलीच कूस कोसळून तिच्याखाली गेले, नामदेवांनी पंढरपूरला महाद्वारी समाधी बांधवली. जन्माचा समकालीन कागद कुणाकडेच नाही.

मामा : सातशे वर्षांपूर्वीच्या महाराच्या पोराच्या जन्माचा कागद कोण करून ठेवणार होतं? राजाच्या पोराची जन्मपत्रिका असते. ज्यांना देवळाच्या पायरीपलीकडे जाऊ दिलं नाही, त्यांच्याकडून आता जन्माचा दाखला मागतेस? मेहुणाराजाच्या लोकांनी पिढ्यानपिढ्या ते नाव जपलं, हाच त्यांचा कागद. सरळ लिही, जन्म मेहुणाराजा.

भाची : मघाशी तर तुम्ही जबाबदारीबद्दल बोलत होता.

मामा : बोलत होतो. इथेही तेच बोलतोय. ज्यांना लिहू दिलं नाही, त्यांच्या तोंडच्या बोलण्याला मान देणं ही जबाबदारीच आहे.

भाची : मान देतेच आहे. मेहुणाराजाचं नाव पहिलं येतं, गावात काय सांगतात तेही येतं. पण 'परंपरेनुसार' काढला, तर मंगळवेढ्याचा कुणी उद्या येऊन अख्खी ओळ पुसेल, आणि मला उत्तर देता येणार नाही. तो शब्द आहे म्हणून ती ओळ टिकेल. आणि मामा, मला गावाच्या भांडणापेक्षा दुसरीच गोष्ट जास्त सलते. चोखोबांची बायको सोयराबाई, बहीण निर्मळा, मेव्हणा बंका, मुलगा कर्ममेळा. घरातल्या प्रत्येकाने अभंग रचले. अशी कुटुंबं मराठीत मोजकीच! 'जिल्ह्यातल्या प्रसिद्ध व्यक्ती' म्हणून याद्या होतात, त्यांत आजी-माजी आमदार ओळीने असतात. सोयराबाई नसते.

या मुद्द्यावर दोघांचं एकमत झालं नाही, आणि होणारही नाही. मामांचा राग न्यायाचा आहे. लेखी पुरावा मागणारा नियम, ज्यांना लिहिण्यापासून तोडलं त्यांच्यावर दुसऱ्यांदा अन्याय करतो. तरीही कोशाच्या पानापुरता मी भाचीचा शब्द ठेवीन. परंपरा काय सांगते, हे परंपरेच्या नावानिशी लिहिणं हा तिचा अपमान नाही.

मग विषय साखरखेर्ड्यावर आला, आणि मामांचा आवाज बदलला.

मामा : तुझ्या यादीत साखरखेर्डा कुठे आहे? सिंदखेडराजाला जाणारे सगळे त्याच तालुक्यातून जातात, कुणी थांबत नाही. ऑक्टोबर १७२४. निजाम-उल-मुल्क दिल्लीची वजिरी सोडून दक्षिणेत उतरला. बादशहा मुहम्मदशहाने हैदराबादच्या मुबारिझखानाला आतून फूस दिली, याला अडव म्हणून. पहिल्या बाजीरावाने त्या वेळी निजामाची बाजू घेतली. साखरखेर्ड्याला गाठ पडली, मुबारिझखान मारला गेला. त्या दिवशी दक्षिण दिल्लीच्या हातून सुटली आणि आसफजाही घराण्याचं राज्य उभं राहिलं. ते मोडायला १९४८ चा सप्टेंबर यावा लागला. दोनशे चोवीस वर्षं! मराठवाड्यात दर १७ सप्टेंबरला झेंडावंदन होतं. ज्या राज्यापासून मुक्ती मिळाली ते जन्मलं कुठे, हे किती मुलांना सांगता येईल? शिवेपलीकडे, आपल्या जिल्ह्यात. निजामाने विजयाची खूण म्हणून गावाला फतेहखेर्डा केलं. लोकांनी ते नाव धरलं नाही, साखरखेर्डाच ठेवलं.

भाची : आणि जुन्या इंग्रजी ग्रंथांत फत्तेखेलडा येतं, म्हणून शोधणाऱ्याला दोन्ही एकच असल्याचं कळत नाही. मामा, तुम्ही मुलांना घेऊन तिथे किती वेळा गेलात?

मामा : नोकरीत होतो तोवर दर हिवाळ्यात. सैन्यं कोणत्या अंगाने आली असतील, पाणी कुठे होतं, गावातले म्हातारे कोणत्या शेताला काय म्हणतात, सगळं दाखवत असे.

भाची : लिहिलंत कुठे?

मामा : वर्गात सांगितलं.

भाची : म्हणजे कुठेच नाही. तुमच्यानंतर ते कुणाला मिळणार? मी तुमच्या तोंडून ऐकून पानावर घालू शकत नाही. नियम तुम्हाला आवडतो तसाच कडक आहे, छापलेलं दाखवा. लढाई कुणामध्ये झाली, कोण जिंकलं, हे ग्रंथांत आहे, ते मी घालीन. पण तिथल्या ओढ्याबद्दल, शेतांच्या नावांबद्दल बाहेरच्या कुठल्या इतिहासकाराने लिहिलं असणार? ते लिहिणारे तुम्हीच.

मामा : माझं कोण छापणार?

भाची : महाविद्यालयांच्या स्मरणिका निघतात, विदर्भ संशोधन मंडळाचं वार्षिक आहे, जिल्ह्यात दिवाळी अंक आहेत. नाव घालून, तारीख घालून, कोणत्या म्हाताऱ्याने काय सांगितलं ते वेगळं ठेवून लिहा. तुम्हाला पानाखाली सही हवी होती ना? ती तिथे असेल. मी तुमच्या लेखाचा दाखला देईन, आणि तुमचं नाव पानाच्या तळाशी येईल.

मामा यावर काही बोलले नाहीत. माझ्या मते भाचीने इथे नेमकं बोट ठेवलं. खुल्या कोशाचं दुखणं हे नाही की तो कुणालाही लिहू देतो. तो आधी छापलेल्याच्या पुढे जाऊ शकत नाही, आणि बुलढाण्यासारख्या जिल्ह्यात छापलेलंच तोकडं आहे, दुखणं ते आहे. शेगावला गजानन महाराज २३ फेब्रुवारी १८७८ ला दिसले, ८ सप्टेंबर १९१० ला समाधिस्थ झाले, हे लाखो घरांत पाठ आहे, कारण दासगणूंनी ग्रंथ लिहिला आणि घरोघरी त्याचं पारायण होतं. मोताळ्याजवळच्या रोहिणखेडला १४३७ आणि १५९० अशा दोन लढाया झाल्या, १५८२ ची मशीद तिथे अजून उभी आहे. त्या गावाला दासगणू मिळाले नाहीत. सातगाव, साकेगाव, कोथळीच्या यादवकालीन देवळांचंही तेच. मेहकरचे ना. घ. देशपांडे 'शीळ'मुळे महाराष्ट्रभर पोचले, 'खूणगाठी'ला १९८६ चं साहित्य अकादमी पारितोषिक मिळालं. आयुष्यभर वकिली करत मेहकरात राहिलेल्या या कवीची आठवण सांगणारी माणसं आज तिथे आहेत. ती आहेत तोवरच ते लिहून घेता येईल.

म्हणून घाटावरच्या आणि घाटाखालच्या वाचकांना एक विनंती. फोनवरच्या पानावर आपलं गाव नाही म्हणून चिडून तिथे दोन ओळी टाकू नका, त्या चार दिवसांत पुसल्या जातील. आधी गावातल्या बारवेच्या पायऱ्या मोजा, शिलालेख असेल तर त्याचा स्वच्छ उजेडात फोटो घ्या, त्याबद्दल सांगणाऱ्याचं नाव आणि वय त्याच्या परवानगीने लिहून ठेवा. दोन पानांचा लेख करा, त्यावर स्वतःचं नाव आणि तारीख घाला, आणि तालुक्यातल्या कोणत्याही अंकात, स्मरणिकेत, साप्ताहिकात छापून आणा. एक प्रत गावच्या वाचनालयात द्या. ज्ञानकोशात नोंद करण्याचं काम त्यानंतर कुणीही अर्ध्या तासात करील.